खर्च टाळण्याचे तर्क: व्यवसायशिक्षण आणि सार्वजनिक पैसा

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांना सर्वजण आयटीआय म्हणूनच ओळखतात, त्या सरकारने स्वतःच्या पैशाने का चालवाव्यात, असा प्रश्न धोरणाच्या चर्चेत आता उघडपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा प्रश्नातच घालून दिलेले असते. युक्तिवाद थोडक्यात असा की, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होणाऱ्या मुलाला प्रशिक्षणानंतर अधिक मजुरी मिळते, त्याला कामावर ठेवणाऱ्या कारखान्याला तयार हात मिळतात, म्हणजे लाभ या दोघांनाच होतो. तेव्हा खर्चही या दोघांनीच करावा आणि सरकारने आपला पैसा प्राथमिक शाळा, रस्ते, दवाखाने अशा सर्वांच्या उपयोगाच्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. ऐकायला हे न्याय्य वाटते, त्यामागे नामवंत अर्थशास्त्रज्ञांचे बळ आहे, आणि सरकारी आयटीआयची अनेक तालुक्यांत दिसणारी अवस्था त्याला आयता पुरावाही पुरवते. तरीही हा युक्तिवाद टिकत नाही, कारण ज्या शिकणाऱ्याची आणि ज्या कारखानदाराची तो कल्पना करतो ते दोघेही प्रत्यक्षात फारसे आढळत नाहीत.

या विचाराची सर्वांत नेटकी मांडणी मिल्टन फ्रीडमन यांनी शिक्षणातील सरकारच्या भूमिकेवरील १९५५ च्या निबंधात केली. नागरिक घडवणारे सर्वसाधारण शिक्षण आणि उपजीविकेसाठी घेतले जाणारे व्यावसायिक शिक्षण असा भेद त्यांनी केला. पहिल्याचा फायदा शिकणाऱ्याबरोबर आसपासच्या समाजालाही होतो म्हणून त्यावर सरकारने खर्च करणे समर्थनीय ठरते, दुसऱ्याचा फायदा मात्र वाढीव कमाईच्या रूपाने शिकणाऱ्यालाच मिळतो म्हणून त्याला अनुदान नको, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रीडमन यांचा हवाला देणारे बहुतेक जण इथेच थांबतात. त्याच निबंधात पुढे त्यांनी हेही मान्य केले आहे की यंत्र किंवा घर तारण ठेवता येते, माणूस ठेवता येत नाही. म्हणून माणसाच्या कौशल्यात पैसा गुंतवायला कर्ज देणारे सहसा पुढे येत नाहीत आणि सारे बाजारावर सोडले तर अशा शिक्षणात हवी त्याहून कमी गुंतवणूक होते. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा की पैसा पुरवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या भावी कमाईतला हिस्सा घ्यावा, आणि हे काम सरकारी यंत्रणेनेही करावे. ज्या देशात बहुतेक वेल्डर, प्लंबर आणि वायरमन असंघटित क्षेत्रात काम करतात, ज्यांना पगाराची पावती मिळत नाही आणि ज्यांचा मालक दर पावसाळ्याला बदलतो, तिथे भावी कमाईतला हिस्सा वसूल करायला कोणाला कुठे पाठवायचे, हे मात्र या उपायाच्या भारतीय पुरस्कर्त्यांनी कधी सांगितलेले नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ५ हजारांपासून दीड लाख रुपयांपर्यंतच्या कौशल्य कर्जाची योजना आणली आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात ती मर्यादा साडेसात लाखांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. पण अडचण मर्यादेची नव्हती. शेतमजुराच्या घराने मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या नोकरीसाठी कर्जाचा हप्ता अंगावर घ्यावा, हीच अपेक्षा अवास्तव होती.

शिकणारा खर्च करू शकत नसेल तर कारखानदार करील, हा दुसरा आधार. याबाबत अर्थशास्त्रातला जुना सिद्धांत मात्र सरकारी खर्चाच्या विरोधकांच्या उपयोगी पडत नाही. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात कौशल्याचे दोन प्रकार केले: एकाच कारखान्याच्या यंत्रावर किंवा पद्धतीवर उपयोगी पडणारे विशिष्ट कौशल्य आणि कोणत्याही कारखान्यात चालणारे सर्वसाधारण कौशल्य. पहिल्यावर मालक खर्च करतो, कारण शिकलेला माणूस बाहेर गेला तर ते कौशल्य बाहेर विकले जात नाही. दुसऱ्यावर तो करत नाही, कारण चाकणच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपने वर्षभर खपून मुलाला व्हर्नियर वाचायला, ड्रॉइंग समजून घ्यायला आणि लेथवर अचूक माप काढायला शिकवले की शेजारच्या गेटातला मोठा कारखाना थोडा जास्त पगार देऊन त्याला उचलून नेतो, आणि शिकवणाऱ्याच्या पदरी नुसता खर्च उरतो. आयटीआयमधला जवळपास सगळा अभ्यासक्रम याच दुसऱ्या प्रकारचा आहे. बेकर यांचे उत्तर असे की हा खर्च शिकाऊ कामगार प्रशिक्षणकाळात कमी मजुरी स्वीकारून स्वतःच उचलतो. हे उत्तर कागदावर बरोबर आहे. पण त्यासाठी दोन वर्षे कमी मजुरीवर घर चालले पाहिजे, आणि ज्या घरांतून ही मुले येतात तिथे दोन वर्षे हाती पैसा न येणे हाच प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च असतो. महाराष्ट्रात आयटीआयच्या प्रशिक्षणार्थीला मिळणारे विद्यावेतन चार दशके महिना ४० रुपयांवर थिजलेले होते आणि २०२३ मध्ये ते ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी सरकारच्या उधळपट्टीविषयीची बरीच चर्चा तिथल्या तिथे संपावी.

या बाबतीत बाजारावर विसंबून भागत नाही हे कायद्यानेच फार पूर्वी मान्य केले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने ठरावीक आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती केली. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मालकांना या प्रशिक्षणात स्वतःचा पुरेसा लाभ दिसत असता तर सक्तीची गरज पडली नसती, आणि २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकारी तिजोरीतून मालकाला परत करण्याचीही गरज पडली नसती.

आता फ्रीडमन यांच्या मूळ भेदाकडे वळावे लागते, कारण व्यावसायिक शिक्षणाचा लाभ शिकणाऱ्यापुरताच राहतो हे विधानच तपासणीत टिकत नाही. इमारतीत वायरिंग करणाऱ्याने अर्थिंग नीट केले नाही तर शॉक त्याला बसत नाही, तिथे राहणाऱ्याला बसतो. लिफ्टची देखभाल करणारा, बॉयलरवर उभा राहणारा, गॅसच्या पाइपलाइनला जोड देणारा, रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या यंत्रणेवर लक्ष ठेवणारा, या सर्वांच्या कौशल्याचा किंवा कौशल्याच्या अभावाचा परिणाम त्यांच्या पगारपत्रकात उतरत नाही. म्हणूनच वायरमनला परवाना आणि बॉयलर चालवणाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र सरकार लागू करते. परवाना मागण्याचा अधिकार सरकारचा, आणि तो मिळवण्याइतके शिकण्याची सोय मात्र ज्याने त्याने आपापल्या ऐपतीने करायची, अशी ही वाटणी आहे.

खर्च नेमका कशावर होतो, हे वर्कशॉपच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही, आणि या वादातले बरेचसे लेखन तिथवर पोहोचतच नाही. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि एका तुकडीत साधारण २० प्रशिक्षणार्थी असतात. मुलगा आधी सपाट ठेवलेल्या लोखंडी पट्टीवर सरळ ओळीत धातू सोडायला शिकतो. रॉडचे टोक पट्टीपासून किती अंतरावर धरायचे हे त्याला डोळ्याइतकेच कानानेही कळावे लागते, कारण ज्योत बरोबर असली की एकसारखा चरचराट येतो आणि अंतर वाढले की आवाज फाटतो. मग चिपिंग हॅमरने वरची खपली काढून निदेशक जोड तपासतो, भोके दिसली की पट्टी बाजूला टाकतो आणि दुसरी घ्यायला सांगतो. सपाट जोड हाताला बसला की आडवा, मग उभा, आणि शेवटी डोक्यावरचा, ज्यात वितळलेला धातू खाली ओघळू न देता वर धरून ठेवायचा असतो. या प्रत्येक टप्प्यावर रॉड जळतात, पट्ट्या वाया जातात, वीज लागते, आणि वाया जाणे हाच इथे शिकण्याचा मार्ग आहे. अर्थसंकल्पाच्या भाषेत हा आवर्ती खर्च, म्हणजे दरवर्षी नव्याने करावा लागणारा खर्च. इमारत, यंत्रे वगैरे एकदाच घ्यायच्या गोष्टींचा तो अनावर्ती. कोनशिला अनावर्ती खर्चाची बसते, रॉडच्या पुड्याचे उद्घाटन कोणी करत नाही. त्यामुळे काटकसरीची पहिली कुऱ्हाड कच्च्या मालावर आणि निदेशकांच्या नेमणुकांवर पडते. कायम पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर निदेशक बोलावले जातात, एका रॉडवर तीन मुलांचे भागवले जाते, आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला उभा जोड जमत नाही म्हणून कारखाना परत पाठवतो. ही निपज मग सरकारी खर्च व्यर्थ असल्याचा दाखला म्हणून पुढे केली जाते.

व्यवसायशिक्षणावरील खर्च मुळातच वाया जातो असे म्हणणाऱ्यांचा आवडता आधार म्हणजे फिलिप फॉस्टर यांचा १९६५ चा निबंध. घानाचा अनुभव तपासून त्यांनी दाखवले की शाळेत शेती किंवा हस्तव्यवसाय शिकवल्याने मुलांच्या आकांक्षा बदलत नाहीत. कारकुनीला पगार आणि मान अधिक मिळतो तोवर पालक मुलांना कारकुनीकडेच पाठवणार आणि त्यांचा हा हिशेब शहाणपणाचाच असतो. यातला निष्कर्ष बिनतोड आहे आणि भारताने तो स्वतः अनुभवला आहे: १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि ते फार दूर राहिले. पण फॉस्टर यांचा रोख सर्वसाधारण शाळेला व्यवसायाचे ठिगळ लावण्यावर होता. कामाच्या जवळ राहून दिल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, उलट पुरस्कार होता. जागतिक बँकेने १९९१ च्या आपल्या धोरणपत्रात प्रशिक्षणाचा भार शक्य तितका खाजगी क्षेत्राकडे सरकवण्याची शिफारस केली, आणि २००७ पासून त्याच बँकेने भारतातल्या आयटीआयच्या सुधारणेसाठी कर्ज दिले. शिफारस आणि कर्ज यांच्यातल्या सोळा वर्षांत खाजगी क्षेत्राने तो भार उचलला असता तर त्या कर्जाचे कारण उरले नसते.

कारागिराच्या शिक्षणाला सार्वजनिक पैसा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात तरी अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून आलेली नाही. बलुतेदारीत सुताराचा मुलगा सुतारकी आणि लोहाराचा मुलगा भाता बापाजवळ शिकत असे, त्या शिकवण्याचा खर्च ते घर सोसत असे आणि गावाला कौशल्य आयते मिळत असे. या आयतेपणाची सवय इतकी खोल आहे की अभियंत्याच्या शिक्षणावरचा खर्च राष्ट्राची गुंतवणूक वाटतो आणि फिटरच्या शिक्षणावरचा खर्च अनुदान वाटतो. आयआयटीचा पदवीधर फ्रीडमन यांच्या कसोटीनुसार फिटरपेक्षा कितीतरी अधिक खाजगी लाभ मिळवतो, तरी आयआयटी सरकारने चालवू नये अशी मागणी कोणी गंभीरपणे करत नाही. तशी ती करावी असेही इथे सुचवायचे नाही. पण एकच कसोटी दोघांना लावायची नसेल तर तिला अर्थशास्त्रीय कसोटी म्हणू नये. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. त्यांच्या काळचा शेतसारा आज राहिलेला नाही, त्याच्या जागी आगपेटीपासून मोबाइलपर्यंतच्या प्रत्येक खरेदीवरचा अप्रत्यक्ष कर आहे, आणि तो भरण्यातून वेल्डरच्या बापाला सूट नाही.

इतिहासही उद्योगाच्या स्वयंप्रेरणेविषयी फारसे आश्वासक बोलत नाही. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, उभी राहिली तेव्हा कापड गिरण्या भरभराटीत होत्या, सर दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांनी देणग्या दिल्या, तरीही संस्था चालायला सरकारी अनुदानाचा आधार लागलाच. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना आणि सैन्याला कुशल हातांची तातडीने गरज पडली तेव्हा वसाहतवादी सरकारनेही बाजाराची वाट पाहिली नाही. १९४० मध्ये सरकारी खर्चाने तांत्रिक प्रशिक्षण योजना सुरू झाली, आणि १९४२ पासून मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या खात्याकडे ती होती. युद्धानंतर याच वाटेने १९५० ची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली, जिच्यावर आजच्या आयटीआय उभ्या आहेत.

खाजगी सहभागाचा प्रयोग मात्र भारताने केलेला नाही असे नाही. तो पुरेसा केला आहे आणि त्याचा ताळेबंद उपलब्ध आहे. केंद्राच्या २००७ च्या सार्वजनिक-खाजगी भागीदारी योजनेत १,३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंतचे बिनव्याजी कर्ज देण्यात आले, उद्योगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखालील संस्था व्यवस्थापन समितीच्या हाती कारभार देण्यात आला आणि २० टक्क्यांपर्यंतचे प्रवेश ठरवण्याचा अधिकारही तिला मिळाला. कर्ज सरकारचे, परतफेड संस्थेच्या उत्पन्नातून, आणि निर्णय उद्योगाचा. अनेक ठिकाणी ही रक्कम बँकेतल्या ठेवींत पडून राहिली, कारण समितीच्या अध्यक्षाला यंत्रखरेदीची घाई असण्याचे काही कारण नव्हते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळात ५१ टक्के भाग खाजगी ठेवण्यात आला. भागभांडवल अवघे १० कोटींचे होते, तेव्हा सुमारे पाच कोटींच्या मोबदल्यात उद्योगसंघटनांना अशा निधीवर वर्चस्व मिळाले जो जवळजवळ संपूर्णपणे सरकारी तिजोरीतून येणार होता. खाजगी आयटीआयचे प्रकरण तर याहून बोलके आहे. संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीच्या २०१७-१८ मधील अहवालाने दाखवले की साठ वर्षांत जेवढ्या खाजगी संस्था उभ्या राहिल्या त्याच्या कितीतरी पट, नऊ हजारांहून अधिक, २००७ नंतरच्या दहा वर्षांत मान्यता पावल्या; त्यांतल्या काही तळघरांत, पत्र्याच्या शेडमध्ये आणि गोदामांत भरत होत्या. बाजार मोकळा केला की पुरवठा वाढतो, हे म्हणणे खोटे ठरले नाही.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये स्वीकारलेले सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे धोरण वाचले पाहिजे. किमान १० कोटी रुपये गुंतवणारी कंपनी दहा वर्षांसाठी आणि किमान २० कोटी गुंतवणारी वीस वर्षांसाठी एखाद्या सरकारी आयटीआयची भागीदार होऊ शकते. जमीन आणि इमारत यांची मालकी सरकारकडेच राहते. म्हणजे वर्षाला सरासरी एक कोटीच्या हिशेबाने कंपनीला शहरातली मोक्याची जागा, उभी वर्कशॉपे आणि दरवर्षी येणारी मुलांची तुकडी, एवढ्यावर प्रभाव मिळतो. आयटीआयच्या सुधारणेसाठीच्या केंद्राच्या पीएम-सेतू योजनेत ६० हजार कोटींपैकी ३० हजार केंद्राचे, २० हजार राज्यांचे आणि १० हजार उद्योगांचे आहेत. सहा रुपयांत पाच सार्वजनिक, आणि नेतृत्व उद्योगाकडे. सरकारने प्रशिक्षणावर खर्च करू नये असे म्हणणाऱ्यांनी या योजनांचे स्वागत केले, यावरून त्यांचा आक्षेप खर्चाला फारसा नव्हता, त्या खर्चावरच्या सरकारी नियंत्रणाला होता, असे म्हणावे लागते.

सरकारी संस्थांचे दोष यातून धुऊन निघत नाहीत. कालबाह्य ट्रेड वर्षानुवर्षे चालू राहतात, यंत्र बिघडले की दुरुस्तीची फाइल महिनोन्महिने फिरते, आणि प्राचार्याला शंभर रुपयांचा बेल्ट बदलण्याचेही स्वातंत्र्य नसते. पण या दोषांवरचा उपाय संस्थेला आर्थिक अधिकार आणि पुरेसा आवर्ती निधी देणे हा आहे. त्याऐवजी जो पर्याय मोठ्या प्रमाणावर आणला गेला, तो २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतला साधारण १५० ते ३०० तासांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम होता, ज्यात प्रशिक्षण केंद्राला पैसे दर डोई मिळतात. दर डोई पैसे देणारी कोणतीही योजना डोकी मोजण्यात तरबेज होते. तेवढ्या तासांत डोक्यावरचा जोड कोणाला येत नाही.

जर्मनीचा दाखला या वादात हटकून दिला जातो आणि तो अर्धाच दिला जातो. तिथल्या द्वैती पद्धतीत, म्हणजे आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसायशाळेत शिकण्याच्या पद्धतीत, कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते. पण व्यवसायशाळांचा खर्च तिथली राज्ये आणि नगरपालिका उचलतात, कंपन्यांना उद्योग मंडळाचे सभासदत्व सक्तीचे असते, आणि सामूहिक वेतनकरारांमुळे शेजारच्या कारखान्यातून माणूस पळवण्याचा मोह आटोक्यात राहतो. हे तीन खांब काढून घेतले तर उरते ती कंपनीच्या मर्जीवरची उमेदवारी. ज्या देशांत असे वेतनकरार नाहीत त्यांपैकी अनेकांनी प्रशिक्षण उपकराचा मार्ग धरला: प्रत्येक मालकाने आपल्या वेतनखर्चाचा ठरावीक हिस्सा सामाईक निधीत भरायचा आणि जो प्रशिक्षण देतो त्याला त्यातून परतावा मिळायचा. ब्राझीलने १९४२ मध्ये सुरू केलेली औद्योगिक प्रशिक्षणाची यंत्रणा उद्योगांच्या वेतनखर्चावरील एक टक्का आकारणीवर उभी आहे. ब्रिटनने २०१७ मध्ये ३० लाख पौंडांपेक्षा मोठ्या वेतनखर्चावर अर्धा टक्का लावला. भारतातही संतोष मेहरोत्रा यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ असा उपकर सुचवत आले आहेत. त्यातून माणूस पळवणाऱ्या कारखान्यालाही प्रशिक्षणाची किंमत मोजावी लागते, आणि उद्योगाने खर्च करावा हे विरोधकांचे म्हणणे देणगीऐवजी कर्तव्य म्हणून अमलात येते. एवढे असूनही उद्योगाच्या वाट्याच्या गोष्टी करणाऱ्यांपैकी फार थोडे या उपकराचे नाव घेतात.

लहान वर्कशॉपवर बोजा पडेल, हा आक्षेप मर्यादा घालून सुटतो. शिकाऊ उमेदवारांच्या नियमांतली ३० कामगारांची मर्यादा इथेही चालेल. नवा कर लोक स्वीकारणार नाहीत, हा आक्षेप मात्र महाराष्ट्रात करायला धजावणे कठीण आहे, कारण १९७५ मध्ये याच राज्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसवला, त्याचे उत्पन्न कायद्याने रोजगार हमी निधीकडे वळवले आणि तितकीच भर राज्याच्या तिजोरीतून घालण्याची तरतूद केली. शहरातल्या पगारावरचा हा कर दुष्काळी तालुक्यांतल्या कामांसाठी लोकांनी निमूटपणे भरला. त्या निधीचा अनुभव एक सावधगिरीही शिकवतो: वसुली होत राहिली आणि जमा झालेली रक्कम पूर्ण खर्च होत नसल्याची टीका वर्षानुवर्षे होत राहिली. प्रशिक्षण उपकराचा कायदा करताना वसुलीच्या कलमाइतकेच नेटके कलम खर्चाचे हवे, ज्यात निधीचा किमान ठरावीक हिस्सा त्याच आर्थिक वर्षात निदेशकांच्या पगारावर आणि कच्च्या मालावर खर्च करणे बंधनकारक असेल आणि तो हिशेब विधिमंडळापुढे संस्थावार मांडला जाईल.